बिजागरी घट्ट आहे

झाकण बंद झाल्याचा आवाज ऑफिसातल्या सगळ्यांनी ऐकला, पण ते मी आपटलं हे कोणीच पाहिलं नाही. पाठोपाठ नवऱ्याच्या तोंडून ‘आई गं’ निघालं, तेही खालच्या आवाजात, कारण त्याचं सगळंच खालच्या आवाजात असतं. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी त्याच्या टेबलाशी उभी होते. समोर त्याचा जुना, जाडजूड लॅपटॉप, त्यावर त्याची चालती बोटं, आणि माझे दोन्ही तळवे झाकणाच्या मागच्या बाजूला, अंगाचं सगळं वजन घेऊन. त्यानं डावा हात वेळेवर काढून घेतला. उजव्याची दोन बोटं राहिली. मला ती हाताखाली लागली, म्हणजे झाकण नेहमीसारखं टेकलं नाही, मध्ये काहीतरी आलं, आणि ते आलंय हे कळल्यावरही मी दाबलंच. किती वेळ ते सांगता येणार नाही. एक श्वास असेल. मग रंगारी खुर्ची फिरवून म्हणाला, “काय झालं सर?” आणि नवरा हसला. अगदी दात दाखवून हसला. “काही नाही रे, झाकण पडलं.” रंगारी म्हणजे आमच्या स्क्रीनची चित्रं काढणारा, बटणांचे रंग ठरवणारा माणूस. त्याच्या जिभेला हाड नाही. तो म्हणाला, “इतकं वापरलंत सर, की शेवटी मशीनच चावलं.” सगळं ऑफिस हसलं. फोनवर बसणारी हसली, कोपऱ्यातले प्रोग्रामर हसले, आणि मीही हसले.

आम्ही आठजण आहोत. कपडे धुऊन, इस्त्री करून देणाऱ्या दुकानांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. कोणाचा कोट, डाग कसला, कुठल्या खुंटीवर टांगला, परत कधी द्यायचा. ऐकायला फुटकळ वाटतं, पण मुलाखतीच्या दिवशी तुमचा कोट दुसऱ्याच्या घरी गेला की आमचं महत्त्व कळतं. कंपनी मी आणि नवऱ्यानं मिळून काढली, अकरा वर्षांपूर्वी, घरातल्या जेवणाच्या टेबलावर. वेगळी जागा घेतली त्या दिवशी त्यानं नियम केला की ऑफिसात एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणायचं. मी मॅडम, तो सर. घरचं घरी, कामाचं कामाच्या जागी. लोकांना याचं केवढं कौतुक. चोवीस तास एकत्र असून या दोघांचा आवाज कसा चढत नाही, असं आमच्यासमोरच एकमेकांना विचारतात. “भांड्याला भांडं लागतंच की,” नवरा म्हणतो, आणि विचारणाऱ्याचं समाधान होतं. नियम अकरा वर्षं टिकला तो आमच्या समजूतदारपणामुळे नव्हे. तो टिकला कारण संध्याकाळी घराचं दार लागलं की मला रान मोकळं होतं. मी नवऱ्याला मारते. गेली नऊ वर्षं मारते आहे. या गोष्टीला मी मनातल्या मनात पुष्कळ नावं देऊन पाहिली, ताण, चिडचिड, हात लागणं, वस्तू फेकणं, पण मराठीत याला मारणंच म्हणतात.

आज सकाळी कारण काय होतं, तर काही नव्हतं. म्हणजे होतं, पण मारण्याजोगं नव्हतं. मारण्याजोगं कारण कसं असतं कोण जाणे. गेल्या आठवड्यात मी एक बदल केला होता, कपडे तयार झाले की गिऱ्हाईकाला आपोआप निरोप जावा म्हणून. काल त्या बदलानं घोळ केला आणि एकेका गिऱ्हाईकाला तोच निरोप चाळीस-चाळीस वेळा गेला. एका बाईनं वैतागून दुकानदाराच्या काउंटरवर फोन आपटला म्हणे. नवऱ्यानं सकाळी लवकर येऊन, मला न विचारता, माझा बदल काढून टाकला. त्यानं बरोबरच केलं. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, वर दोन शब्द ऐकवले असते. त्यानं ऐकवले नाहीत. मी टेबलाशी गेले तर मान वर न करता, टाइप करता करता म्हणाला, “मॅडम, तुमचा बदल तेवढा मागे घेतलाय मी. तुम्ही सावकाश बघा.” सावकाश. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, तसं माझं होत नाही. माझी आग मस्तकात जातच नाही, ती खांद्यापाशी वळते आणि दंडातून खाली येते. डोकं अगदी थंड असतं. आजूबाजूचं सगळं स्वच्छ दिसतं. त्याच्या कपाळावरचा घाम, पाण्याच्या बाटलीचं अर्धवट लावलेलं बूच, कीबोर्डवर झिजलेलं एक अक्षर. मी बघत असते आणि माझे हात आपलं काम करत असतात. आणि त्या वेळी, हे कबूल करायला हवं, मला बरं वाटतं. दिवसभर बंद खोलीत बसल्यावर कोणीतरी खिडकी उघडावी तसं बरं वाटतं. नंतर घाण वाटते, रडू येतं, मी त्याच्या पाया पडते, सगळं होतं. पण आधी बरं वाटतं.

या रागाचं मूळ शोधायचा मी प्रयत्न केलेला आहे. आमचा धंदाच तो, दोष दिसला की मागे मागे जायचं. मला लहानपणी कोणी मारलं नाही. बाबा मऊ मेणाचे होते, आई रागावली तर अबोला धरायची, तोही दुपारपर्यंत. मारायची ती मी. धाकट्या भावाला मी कंपासपेटी फेकून मारली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, तो सहाचा. भुवई फाटली, चेहरा रक्तानं भरला. बाबा त्याला उचलून डॉक्टरकडे धावले, आणि तासाभरानं टाके घालून परत आले तेव्हा दारातच आत्याला म्हणाले, “आमची वाघीण आहे, वाघीण. उद्या सासरी कोणाची टाप आहे हिला बोलायची!” सगळी हसली. भाऊसुद्धा हसला, कारण त्याच्या हातात आइस्क्रीम होतं. पुढे प्रत्येक लग्नाकार्यात ती गोष्ट निघायची. भाऊ भुवईवरचा वण पाहुण्यांना दाखवायचा आणि मी मधोमध बसून मिरवायचे. नाकावर राग, मनानं निर्मळ, अशी माझी ख्याती. मी मुलगा असते तर एखाद्या काकानं कधीतरी कानाखाली वाजवून विचारलं असतं, हे काय चाललंय. मला कोणी विचारलं नाही. पण हेही मूळ नव्हे, ही मी शोधलेली सबब आहे. कंपासपेटी हातात होती आणि भाऊ समोर होता, त्यापलीकडे त्या दिवसाचं मला काही उमगलेलं नाही.

नवऱ्यावर पहिल्यांदा हात उचलला तो कंगवा मागताना. कंपनीला दुसरं वर्ष होतं, कामाला निघायची घाई, आणि तो म्हणाला, तुझा कंगवा तूच ठेवतेस कुठेतरी. कंगवा तिथेच टेबलावर होता. मी तो उचलला आणि त्याच्या कानशिलावर उभा मारला, दात आत जातील असा. त्यानं कान धरला आणि आश्चर्यानं माझ्याकडे बघितलं. ते आश्चर्य मला अजून दिसतं, कारण पुढच्या वेळेपासून ते नाहीसं झालं. पुढे थाळी होती, चपलेची टाच होती, नुसता हात तर पुष्कळदा. माझ्यापेक्षा तो वीतभर उंच आहे, त्यानं मनगट धरलं असतं तर मी हलू शकले नसते. त्यानं कधीच धरलं नाही. मार पडताना तो डोळे मिटतो आणि संपेपर्यंत थांबतो. मग उठून फरशी पुसतो, तुकडे गोळा करतो, आणि मला म्हणतो, “दमलीयस तू. झोप.” कडक उन्हातसुद्धा तो लांब बाह्यांचे शर्ट घालतो. रंगारी त्याला ‘बँकेचे साहेब’ म्हणून चिडवतो. एकदा सासूबाईंना त्याचा दंड दिसला, निळा-पिवळा झालेला. त्यानं कपाटाचं दार सांगितलं. सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “सांभाळ गं बाई त्याला, लहानपणापासून असाच धडपड्या आहे.” मी हो म्हटलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्याचा खरा राग आला, म्हणजे मारण्यासाठी लागतो तो नव्हे, शांत बसल्यावर येतो तो. याला सांगायला काय होतं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, पण याचं तोंड कोणी दाबलं होतं? मी तर नव्हतं दाबलं. मी वाट बघत होते, कोणाला तरी सांग, कोणीतरी येऊन माझे हात बांध.

“मॅडम, बर्फ आणू का?” फोनवाली विचारत होती. नवरा खुर्चीतच बसून होता, उजवा हात मांडीवर उताणा ठेवून. मधलं आणि त्याच्या शेजारचं बोट सुजायला लागलं होतं, नखांखाली जांभळं रक्त उतरत होतं. “आण,” मी म्हटलं. माझा आवाज नेहमीचाच होता. तिनं बर्फ रुमालात बांधून आणला, आणि रंगाऱ्यानं पिल्लू सोडलं, “सर, एवढा मोठा अपघात झालाय, का-बैठक नको का घ्यायला?”

का-बैठक हा आमचा रिवाज आहे. काही बिघडलं की चोवीस तासांच्या आत सगळ्यांनी फळ्यासमोर बसायचं आणि एकामागून एक ‘का’ विचारायचं. पाचव्या ‘का’पर्यंत खरं कारण सापडतं असा अनुभव आहे. एकच अट, उत्तरात माणूस यायचा नाही. ‘अमक्यानं केलं म्हणून’ असं म्हणायची बंदी. कोणी चुकलं हे विचारायचं नाही, काय चुकलं तेवढं विचारायचं. ही अट नवऱ्याची. तीन वर्षांपूर्वी मी एका प्रोग्रामरला सगळ्यांदेखत इतकं बोलले की तो पाणी प्यायला म्हणून उठला आणि परत आलाच नाही. त्यानंतर नवऱ्यानं हे सुरू केलं. लोकांना वाटतं ही आधुनिक पद्धत आहे. मला माहीत आहे, ते माझ्या तोंडाला बांधलेलं मुसकं आहे.

काल निरोपांचा घोळ झालेला, त्याची बैठक अकराला ठरलीच होती. ती पाच मिनिटांत आटपली आणि रंगाऱ्यानं खडूऐवजी असतं ते काळं पेन हातात घेऊन फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘सरांची बोटं’. सगळे पुन्हा हसायला लागले. बैठक चालवतात आमच्या तपासणीवाल्या बाई. पन्नाशीच्या पुढच्या, आधी एका औषधांच्या कारखान्यात बाटल्या तपासायच्या, आता आमचे प्रोग्राम तपासतात. त्यांना मागून सगळे शंकाबाई म्हणतात आणि त्यांना ते माहीत आहे. त्या हसल्या नाहीत, पण चष्मा लावून सरसावून बसल्या. “बोटं का चेंगरली?” त्यांनी विचारलं. “झाकण पडलं म्हणून,” नवरा म्हणाला. बर्फाचं पाणी त्याच्या बाहीत ओघळत होतं आणि तो बाही वर करत नव्हता. “झाकण का पडलं?” “बिजागरी सैल झाली म्हणून,” रंगारी म्हणाला आणि लिहूनही मोकळा झाला. “बिजागरी का सैल झाली?” “लॅपटॉप जुना म्हणून.” “जुना का?” “सर बदलत नाहीत म्हणून!” “माणूस आला, माणूस आला,” फोनवाली ओरडली आणि पुन्हा हशा. मी फळ्याच्या बाजूला बसले होते. मला वाटलं, संपलं. आता हे लोक टाळ्या पिटून उठतील, नवरा नवीन लॅपटॉप मागवेल, संध्याकाळी घरी मी त्याच्या बोटांना पट्टी बांधेन आणि शपथ घेईन. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा मला स्पष्ट भीती वाटली. घराचं दार आज ओलांडलं गेलं होतं. सहा माणसं पाठीमागे असताना मी दाबलं होतं, आणि काही झालं नाही, उलट लोक हसले. आता कशानं थांबणार होते मी? पुढच्या वेळी बोटांवर भागणार नव्हतं. हा माणूस एक दिवस माझ्या हातून मरेल आणि मरतानासुद्धा म्हणेल, काही नाही रे, पडलो.

“थांबा,” शंकाबाई म्हणाल्या. “न तपासता कारण कसं लिहिलंत? पुसा ते. आधी मला दोष घडवून दाखवा.” त्यांचा हा नेहमीचा हट्ट. त्या उठल्या, नवऱ्याच्या टेबलावरून लॅपटॉप घेऊन आल्या, आणि सगळ्यांसमोर ठेवून झाकण उघडायला लागल्या. ते उघडेना. एका हातानं खालचा भाग दाबून धरला तेव्हा कुठे दुसऱ्या हातानं झाकण वर आलं. त्यांनी ते सोडलं. ते तसंच उभं राहिलं. थोडं खाली आणून सोडलं, तिथे राहिलं. अगदी बोटभर फट ठेवून सोडलं, तिथेही राहिलं. त्यांनी टेबलाला धक्का दिला. रंगाऱ्यानं टेबल दोन्ही हातांनी हलवलं. कपातला चहा सांडला, झाकण जागचं हललं नाही. “पडत नाही हो,” शंकाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कसलाही संशय नव्हता, नुसतं कामातलं कुतूहल होतं. “बिजागरी घट्ट आहे. दाबल्याशिवाय येतच नाही खाली. सर, नक्की कसं पडलं तुमचं?”

“माझंच कोपर लागलं असेल,” नवरा म्हणाला.

“दोन्ही हात आत होते ना तुमचे? मग कोपर बाहेरून कसं लागेल?”

“जाऊ दे हो बाई. लागलं कसंतरी. चला, कामाला लागू या.”

तो हसत होता. नऊ वर्षं मी हे हसू पाहते आहे. सासूबाईंसमोरचं, शेजाऱ्यांसमोरचं, डॉक्टरसमोरचं. मला तिथल्या तिथे ते फाडावंसं वाटलं. मी उठले. मला फळ्यावरचं पुसायचं होतं एवढंच, निदान मला तसं वाटलं, आणि पुसायचं फडकं त्याच्यापुढे टेबलावर पडलं होतं म्हणून मी हात लांब केला. त्याची चाकाची खुर्ची मागे गेली. एकदम, जोरात, भिंतीला आपटेपर्यंत. त्याचा चांगला हात कानावर आला होता, कोपर पुढे, मान आत. डोळे मिटलेले. एवढं सगळं त्यानं इतक्या सफाईनं केलं की पाहणाऱ्याला कळावं, या माणसाला याची सवय आहे. मग त्यानं डोळे उघडले, सगळे आपल्याकडे बघतायत हे पाहिलं, आणि तोच हात कान खाजवायला वापरला. कोणी हसलं नाही. शंकाबाईंनी चष्मा काढला. त्यांनी त्याच्या ओल्या बाहीकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे.

“मी आपटलं,” मी म्हटलं.

“मॅडम, माणूस नाही आणायचा उत्तरात,” रंगारी म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, सगळं अजून सावरता येईल.

“झाकण पडलं नाही. मी दोन्ही हातांनी दाबलं. बोटं लागली तरी सोडलं नाही. घरीही मारते मी त्यांना. नऊ वर्षं.” मी हे चांगुलपणानं बोलले असं कोणी समजू नये. मला पश्चात्ताप नव्हता झाला. त्या क्षणी माझ्या दंडात तीच आग उतरत होती आणि हातात फडकं होतं, फडक्यानं काही होत नाही. त्याचं ते पांघरूण, प्रत्येक वेळी माझ्यावर घातलेलं, मला सगळ्यांदेखत ओढून काढायचं होतं आणि त्याला उघडं पाडायचं होतं. जे हातानं करता आलं नाही ते मी तोंडानं केलं. तो पांढरा पडला. बोटं चेंगरली तेव्हासुद्धा एवढा पडला नव्हता.

“गप्प बस तू,” तो म्हणाला. अकरा वर्षांत या जागेत ऐकू आलेलं पहिलं ‘तू’. मग आवाज चढला, माझ्या ओळखीचा नसलेला एक फाटका आवाज. “कोणी सांगितलं होतं तुला बोलायला? मी बोललो होतो का कधी? इथे तरी... इथे तरी मला माणूस म्हणून बसता येत होतं ना!” आणि तो रडायला लागला. सुजलेला हात छातीशी धरून, सहा माणसांसमोर. मी त्याच्याकडे एक पाऊल टाकलं तर शंकाबाई मध्ये आल्या. त्या माझ्या खांद्यापर्यंतसुद्धा येत नाहीत. “मॅडम, तुम्ही इथेच थांबा,” त्या म्हणाल्या. “सरांना मी दवाखान्यात नेते.” मी म्हटलं, गाडी मी काढते. “नको,” नवरा म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला, आणि त्याच्या तोंडून मी ऐकलेला हा पहिला नकार होता.

ते दोघं गेले. फोन वाजले की फोनवाली उचलायची, ‘हो, निरोप बंद झालेत, माफ करा’ म्हणायची आणि ठेवायची. रंगारी फळ्यावरची अक्षरं पुसायला गेला, अर्धी पुसून परत आला. प्रोग्रामर स्क्रीनला डोळे लावून बसले होते आणि एकाचंही बटण वाजत नव्हतं. मला वाटत होतं, कोणीतरी उठावं आणि मला शिव्या द्याव्यात. कोणीतरी म्हणावं, लाज नाही वाटत? पण चाळिशीच्या बाईला, जी आपली मालकीणही आहे, असं कसं म्हणायचं याची सवय कोणालाच नव्हती. माझ्या टेबलाशी बसून मी माझे हात बघत होते. बारीक हात आहेत माझे. बांगडी विकत घेताना दुकानदार नेहमी म्हणतो, केवढे नाजूक. त्यांना काय करावं मला कळत नव्हतं, म्हणून मी ते मांड्यांखाली घातले आणि त्यांवर बसले. बराच वेळ तशी बसले. मुंग्या आल्या तरी काढले नाहीत. तो परत येईल का, हा एकच विचार होता, आणि त्याच्या पोटात दुसरा, की येऊ नये. खरंच येऊ नये. देवा, त्याला अक्कल दे. आणि लगेच पुन्हा, आला नाही तर मी काय करू.

साडेबाराला माझा फोन वाजला. त्याचंच नाव. मी मांडीखालचा हात काढला तर बोटं बधिर झालेली, फोन दोनदा निसटला. “अगं,” तो म्हणाला. आवाज लांबून येत होता, फोन टेबलावर ठेवून बोलत असावा. “मला कुठल्या गोळीनं अंगावर पित्त उठलं होतं गं? दुखण्याचं औषध देतायत, ते विचारतायत.” मी नाव सांगितलं. एवढंच नव्हे, कुठल्या साली, किती दिवस, कुठल्या मलमानं उतरलं, तेही सांगितलं. त्याच्या अंगाची अशी सगळी माहिती मला पाठ असते. त्यानं ते डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. मी म्हटलं, “ऐक ना.” मग पलीकडे डॉक्टरांचा आवाज आला, बाईचा होता, घाईतला. “दोन्ही बोटांना चीर आहे. कशानं झालं?”

“झाकण,” नवरा म्हणाला, आणि थांबला. फोनमधून खुर्ची करकरल्याचं ऐकू आलं. मी त्याच्यासाठी प्रार्थना करत होते की स्वतःसाठी ते मला माहीत नाही.

“बायकोनं मारलं,” तो म्हणाला.

कागद हलला. मग त्या म्हणाल्या, आणि आता त्यांना घाई नव्हती, “हे इथे करंगळीजवळ हाड जुळून आलेलं दिसतंय. जुनं आहे. हे कधीचं?”

“दोन वर्षं झाली. दारात चेंगरलं होतं.”

“तिनंच?”

“हो.”

दार. मी आठवायला लागले. आमच्या घराला पाच दारं आहेत, मी एकेकापाशी मनानं जाऊन उभी राहिले. “आणखी काही?” डॉक्टरबाईंनी विचारलं. “शर्ट काढता का?” तो म्हणाला, “बटणं निघायची नाहीत माझ्यानं.” कोणीतरी बटणं काढली. मग तो सांगायला लागला, खांद्यापासून, खालच्या आवाजात, न अडखळता. हे पडद्याच्या दांड्याचं. हे उकळत्या पाण्याचं, शंभरावं दुकान आमच्याकडे आलं त्या दिवसाचं. तो दिवस मला चांगला आठवतो. आम्ही घरभर नाचलो होतो, त्यानं मला उचलून टेबलावर बसवलं होतं. पाणी मला आठवेना. तो पुढे सांगत होता, वार आणि महिन्यासकट, मध्येच ‘नाही, ते त्याच्या आधीचं’ अशी स्वतःची चूक दुरुस्त करत, आणि पलीकडे कोणीतरी ते सगळं लिहून घेत होतं. फोन चालू आहे हे तो विसरला होता की त्यानं मुद्दाम चालू ठेवला होता, मला कळायला मार्ग नव्हता. मी ऐकत होते. त्यातलं एकही मला आठवत नव्हतं.